त्वचेसाठी शैवालजन्य घटक: लेबल, मात्रा आणि बनवताना होणारे घोळ

प्रश्न थोडक्यात असा: सीरम, क्रीम, मास्क सगळीकडे आता ‘समुद्री शैवाल’ लिहिलेले दिसते. त्यात खरोखर किती दम आहे, तेलकट आणि पुरळ येणाऱ्या त्वचेला ते चालते का, आणि स्वतः छोट्या प्रमाणावर बनवायचे झाले तर काय सांभाळावे लागते? तिन्ही उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

सुरुवात लेबलपासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘शैवालाचा अर्क’ हे वर्णन ‘झाडाचा अर्क’ म्हणण्याइतकेच मोघम आहे. तपकिरी शैवालांत लॅमिनॅरिया, फ्यूकस, अ‍ॅस्कोफायलम, मॅक्रोसिस्टिस येतात. लाल शैवालांत कॉन्ड्रस, कॅपाफायकस, जेलिडियम, पॉर्फिरा. हिरव्यात अल्व्हा. ही झाली डोळ्यांना दिसणारी समुद्री शैवाले. सूक्ष्म शैवाले वेगळीच: क्लोरेला, ड्युनॅलिएला, हिमॅटोकॉकस. स्पिरुलिनाही याच यादीत घुसवतात, पण ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूंच्या कुळातली. या प्रत्येकातून निघणारी द्रव्ये वेगळी, त्यांचे काम वेगळे आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. म्हणून घटकांच्या यादीत जातीचे लॅटिन नाव नसेल आणि नुसते ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ असेल, तर त्या बाटलीबद्दल कोणीही ठामपणे काही सांगू शकत नाही.

काही नावे तर सरळसरळ चकवतात. ‘व्हिट्रिओसिला फर्मेंट’ हा घटक ‘प्लँक्टन’ म्हणून जाहिरातीत झळकतो, पण व्हिट्रिओसिला हा जिवाणू आहे. घटक वाईट नाही, फक्त तो शैवाल नव्हे. ‘प्लँक्टन एक्स्ट्रॅक्ट’ असे यादीत दिसले तर बहुधा तो अ‍ॅनासिस्टिस निड्युलन्स या सायनोबॅक्टेरियातून काढलेला फोटोलायेज नावाचा एन्झाइम असतो, त्याबद्दल पुढे. ‘मरीन कोलॅजन’ माशांच्या कातडीतून आणि खवल्यांतून येते. कोलॅजन हे प्राण्यांचे प्रथिन आहे, शैवाल ते तयारच करत नाही. त्यामुळे ‘शैवालातले शाकाहारी कोलॅजन’ असे कोणी विकत असेल तर आत शैवालातल्या शर्करांचे जेल आहे असे समजून चाला.

आता मात्रा. यादीत अर्क वरच्या क्रमांकावर दिसला की लोक हुरळून जातात. पण अर्क वाहक द्रवासकट मोजला जातो. पाणी, ग्लिसरीन किंवा ब्यूटिलीन ग्लायकॉल यांत मुरवलेल्या अर्कात प्रत्यक्ष शैवालाचे घनद्रव्य बऱ्याचदा १ ते ५ टक्के एवढेच असते. समजा अर्कात २ टक्के घनद्रव्य आहे आणि क्रीममध्ये तो ३ टक्के घातला. मग क्रीममध्ये शैवाल आले ०.०६ टक्के, म्हणजे ५० ग्रॅमच्या डबीत ३० मिलिग्रॅम. एवढ्याने काही होत नाही असे नाही, पण ‘खोल समुद्राची ताकद’ वगैरे जे लिहिलेले असते त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. घाऊक पुरवठादाराकडून अर्क घेताना घनद्रव्याची टक्केवारी, वाहक द्रव, आत घातलेला प्रिझर्व्हेटिव्ह आणि मिठाचे प्रमाण या चार गोष्टी लेखी मागा. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि नेमकी तीच नंतर रडवते.

या घटकांपैकी ज्याच्या कामाबद्दल मला काडीचीही शंका नाही, ते म्हणजे त्यांतल्या लांब साखळीच्या शर्करा: तपकिरी शैवालातले अल्जिनेट आणि फ्यूकॉइडन, लाल शैवालातले कॅराजीनन आणि अगार. अल्जिनेट १८८१ पासून रसायनशास्त्राला ठाऊक आहे, ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी ते वेगळे केले. फ्यूकॉइडन १९१३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ हॅराल्ड किलिन यांनी. या रेणूंचे वजन लाखो डाल्टनमध्ये (रेणूचे वजन मोजायचे एकक) असते आणि साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू धड त्वचेत शिरत नाहीत. तेव्हा ते आत जाऊन काही दुरुस्ती करतात ही कल्पना सोडून द्या. ते वरच बसतात, पाणी धरून ठेवतात, वाळताना पातळ पापुद्रा बनवतात आणि त्याने त्वचा लगेच गुळगुळीत, थोडी ताणल्यासारखी वाटते. धुतले की परिणाम गेला. ओलावा टिकवण्यासाठी हे उत्तम साधन आहे आणि माझ्या मते शैवालाचा त्वचेसाठी सर्वांत खात्रीचा उपयोग हाच. तो जाहिरातीत सगळ्यात कमी सांगितला जातो, कारण ऐकायला साधा वाटतो.

या शर्करांचा स्वभाव कळला की बनवतानाच्या निम्म्या चुका टळतात. अल्जिनेट कॅल्शियम दिसताच घट्ट होते. जड पाण्यात घातले तर पाण्यातलेच कॅल्शियम पकडून वाळूसारखे कण तयार होतात आणि मग कितीही फेटा, ते विरघळत नाहीत. म्हणून डिस्टिल्ड पाणी, आणि त्यात अल्जिनेटच्या आधी ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट, म्हणजे पाण्यातले धातू पकडून ठेवणारे क्षार. पीएच ४ च्या खाली गेला की अल्जिनिक अ‍ॅसिड साक्यासारखे खाली बसते, त्यामुळे ग्लायकॉलिक अ‍ॅसिडच्या टोनरमध्ये अल्जिनेट घालून दाटपणा आणायचा विचारही करू नका. कॅराजीननचे तीन प्रकार आहेत. कॅपा पोटॅशियमसोबत कडक, ठिसूळ जेल देते. आयोटा कॅल्शियमसोबत मऊ, लवचीक जेल देते. लॅम्डा जेल बनवत नाही, नुसता दाटपणा देते आणि गार पाण्यातही विरघळते. कॅपा आणि आयोटा नीट फुलायला पाणी ७०–८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. आम्लात, त्यातही गरम असताना, कॅराजीननची साखळी तुटते आणि काल दाट असलेले जेल आज पाण्यासारखे ओघळते. म्हणून आम्ल नेहमी थंड झाल्यावर. अगार ८५–९० अंशांना वितळते, ३५–४० अंशांना गोठते. चेहऱ्यावरच्या पत्रकासारख्या मास्कला बरे, सीरमला नाही.

आणखी एक: अल्जिनेट, फ्यूकॉइडन आणि कॅराजीनन यांवर ऋण भार असतो. केसांच्या कंडिशनरमध्ये असतात तसे धन भाराचे इमल्सिफायर किंवा पॉलीक्वाटर्नियम त्यांच्यासोबत घातले तर दोघे एकमेकांना धरून दोरे-दोरे होतात.

आता ‘सक्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घटकांकडे. फ्यूकस व्हेसिक्युलोससच्या अर्कावर २००२ मध्ये जपानी संशोधकांचा एक मानवी प्रयोग प्रसिद्ध झाला. १ टक्का अर्काचे जेल गालावर दिवसातून दोनदा, पाच आठवडे. त्वचेची जाडी कमी झाली आणि लवचीकपणा सुधारला असे मोजमाप आले. दिशा चांगली आहे, पण एका लहान प्रयोगावर सुरकुत्यांचे दावे उभे करणे घाईचे. शिवाय त्यात १ टक्का अर्क होता हे लक्षात ठेवा आणि वरचा ०.०६ चा हिशेब आठवा.

अ‍ॅस्टाझॅन्थिन हे हिमॅटोकॉकस प्लुव्हियालिस या सूक्ष्म शैवालातले तांबडे-केशरी रंगद्रव्य. वजन साधारण ५९७ डाल्टन, तेलात विरघळणारे, आणि ऑक्सिडीकरण रोखण्यात खरोखर तगडे. २०१२ च्या एका अभ्यासात ३० स्त्रियांनी आठ आठवडे रोज ६ मिलिग्रॅम पोटातून घेतले आणि शिवाय चेहऱ्यावरही लावले; सुरकुत्या, लवचीकपणा, ओलावा यांत सुधारणा नोंदली गेली. पण त्या अभ्यासाला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि खाण्याचा परिणाम कोणता अन् लावण्याचा कोणता हे त्यातून वेगळे काढता येत नाही. तरीही हा घटक मी फॉर्म्युल्यात घेईन, मुख्यतः तेलांचे आणि त्वचेवरच्या स्निग्धाचे रक्षण म्हणून. बाजारात तो ५ किंवा १० टक्के तेलकट द्रावात मिळतो. १० टक्क्यांचा द्राव क्रीममध्ये ०.१ टक्का घातला की शुद्ध अ‍ॅस्टाझॅन्थिन ०.०१ टक्का होते, आणि तेवढ्यानेही क्रीम पिवळसर-नारिंगी दिसते. उत्साहाने ०.५ टक्का द्राव घातलात तर उशीचे अभ्रे रंगतील. तो तेलाच्या भागात, पण मिश्रण ४५ अंशांखाली आल्यावर घाला, सोबत ०.२–०.५ टक्के टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई) ठेवा आणि बाटली अपारदर्शक घ्या. पारदर्शक बाटलीत खिडकीपाशी ठेवलेले हे क्रीम काही आठवड्यांत फिके पडते. रंग गेला म्हणजे रेणूही गेला, तेव्हा इथे डोळेच तुमची प्रयोगशाळा.

पॉर्फिरा या लाल शैवालात मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले असतात; त्यांतले पॉर्फिरा-३३४ नावाप्रमाणे ३३४ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणे शोषते. या गटाची एकंदर शोषणकक्षा ३१० ते ३६२ नॅनोमीटर. रसायन म्हणून फार देखणे आहे. मात्र युरोपीय संघाच्या मान्य अतिनील फिल्टरांच्या यादीत किंवा अमेरिकेच्या सनस्क्रीन नियमांत हा अर्क फिल्टर म्हणून नाही, आणि सौंदर्यप्रसाधनांत तो ज्या मात्रेत येतो त्यात एसपीएफ मिळत नाही. सनस्क्रीनमध्ये वरची भर म्हणून असू दे. ‘नैसर्गिक सनस्क्रीन’ म्हणून शैवालाचे जेल लावून उन्हात जाणारे लोक भाजून येतात.

फोटोलायेजची गोष्ट जरा निराळी. अतिनील किरणांनी डीएनएत जे जोड-दोष तयार होतात ते हा एन्झाइम जवळच्या अतिनील ते निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून सोडवतो. माणसाच्या पेशींत तो नसतो. त्यामुळे लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्धाच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरून तो त्वचेत पोचवण्याची कल्पना शास्त्रीयदृष्ट्या पक्की आहे, आणि उन्हाने खराब झालेल्या त्वचेसाठीच्या काही सनस्क्रीनमध्ये तो आहेही. प्रकाश लागतो म्हणून हा घटक रात्रीच्या क्रीममध्ये दिसला तर भुवई उंचावायला हरकत नाही. घरगुती किंवा लहान प्रमाणातल्या उत्पादनात याच्या वाटेला जाऊ नका. एन्झाइम जिवंत ठेवण्यासाठी लागणारी साठवण आणि तपासणी तिथे जमत नाही.

सूक्ष्म शैवालांची तेले दोन टोकांची असतात. ओलेइक आम्ल भरपूर असलेले तेल बऱ्यापैकी टिकाऊ असते, साध्या वनस्पती तेलासारखे वापरता येते. डीएचए (ओमेगा-३ प्रकारचे आम्ल) असलेले तेल सहा दुहेरी बंधांमुळे झपाट्याने खवट होते आणि त्याला मासळीचा वास सुटतो. ते तेल पोटातून घ्यायला ठीक, चेहऱ्याच्या क्रीममध्ये उगीच डोकेदुखी.

तेलकट त्वचेचा प्रश्न. रंध्रे बुजवणाऱ्या घटकांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ आणि ‘कॅराजीनन’ यांना पाचपैकी पाच गुण दिलेले आढळतात. ही गुणपद्धती सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांतून आली. सशाच्या कानाची आतली त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूप लवकर प्रतिक्रिया देते आणि तिथे घटक जितक्या तीव्रतेचा लावतात तेवढा तयार उत्पादनात नसतो. शिवाय कोणत्या जातीचे शैवाल, कशात काढलेला अर्क, याचा त्या याद्यांत पत्ता नसतो. तेव्हा त्या आकड्यावरून बाटली फेकून देणे मला पटत नाही. तसेच कॅराजीनन उंदराच्या पंजात टोचले की सूज येते, औषधांच्या चाचणीत तो नेहमीचा प्रकार आहे, आणि हे वाचूनही लोक घाबरतात. टोचणे आणि त्वचेवर लावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, रेणू आत जातच नाही.

तरीही शैवालाच्या क्रीमने पुरळ आले असे सांगणारे सगळेच चुकतात असे नाही. बहुतेकदा दोष अर्काच्या शेजारी बसलेल्या जड मेणांचा आणि तेलांचा असतो. तुमची त्वचा पुरळप्रवण असेल तर पाण्याच्या आधाराचे जेल किंवा सीरम घ्या आणि जबड्याच्या एका बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर रोज रात्री दोन आठवडे लावून पाहा. चोवीस तासांच्या चाचणीत खाज, लाली कळते. बुजलेली रंध्रे कळायला आठवडे लागतात.

आयोडीनची भीतीही याच अंगाने येते. १८११ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ बर्नार्ड कुर्त्वा यांना आयोडीन समुद्री शैवालाच्या राखेतच सापडले, त्यामुळे तपकिरी शैवालात ते भरपूर असते हे नवे नाही. सुक्या लॅमिनॅरिया डिजिटाटात किलोमागे हजारो मिलिग्रॅम आयोडीन असू शकते. आता हिशेब करा. किलोला ५,००० मिलिग्रॅम धरले आणि ते सगळे त्याच प्रमाणात अर्कात उतरले असे मानले, तरी वरच्या ५० ग्रॅमच्या डबीतल्या ३० मिलिग्रॅम शैवालात आयोडीन येते १५० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला आहारातून रोज साधारण तेवढे लागतेच, आणि इथे ते आख्ख्या डबीत आहे. चेहऱ्याच्या क्रीमसाठी ही भीती निरर्थक. पण अंगभर लेप देण्यासाठी २०० ग्रॅम लॅमिनॅरियाची पूड भिजवली तर त्याच दराने १ ग्रॅम आयोडीन होते, तेही मोठ्या पृष्ठभागावर, गरम कापडाखाली, अर्धा तास. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी असे लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जड धातूंबाबत: समुद्री शैवाले आर्सेनिक साठवतात, पण त्यातले बहुतेक शर्करांशी बांधलेले आणि तुलनेने निरुपद्रवी असते. हिजिकी, म्हणजे सार्गॅसम फ्यूसिफॉर्मे, याला अपवाद आहे. त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असते. म्हणून तपासणी अहवालात नुसते ‘एकूण आर्सेनिक’ न पाहता असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजले आहे का ते पाहा. शिसे, कॅडमियम, पारा हेही. अहवाल त्या बॅचचा असावा. दोन वर्षांपूर्वीचा एक कागद सगळ्यांना पाठवणारे पुरवठादार कमी नाहीत.

आता बनवण्याकडे. लाल शैवालाच्या अर्काचे हलके सीरम, १०० ग्रॅमसाठी, वजनाने:

डिस्टिल्ड पाणी ८६.५
ग्लिसरीन ५
नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३) ४
कॉन्ड्रस क्रिस्पसचा ग्लायकॉल-आधारित अर्क ३
फिनॉक्सिइथेनॉल व इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण १
झँथन गम, पारदर्शक प्रतीचा ०.४
डायसोडियम ईडीटीए ०.१
पीएच साधायला सायट्रिक आम्लाचे १० टक्के द्रावण, लागेल तसे थेंब

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, ०.१ ग्रॅम ईडीटीए मोठ्या काट्यावर कळतच नाही. भांडी, ढवळणी, बाटल्या ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळवा. पाण्यात आधी ईडीटीए विरघळवा, मग नायसिनामाइड. वेगळ्या वाटीत ग्लिसरीनमध्ये झँथन भुरभुरत कालवा. पेस्ट एकसारखी झाली पाहिजे, कोरडा कण दिसता कामा नये. गम थेट पाण्यात टाकला की बाहेरून ओली, आतून कोरडी अशी गुठळी होते आणि ती तासभर ढवळूनही फुटत नाही. पेस्टवर पाणी ओता, पाण्यात पेस्ट नाही. हळू ढवळा आणि २०–३० मिनिटे झाकून ठेवा. गम फुलायला वेळ लागतो, आणि हँड ब्लेंडर लावून घाई केली तर हवेचे बुडबुडे असे अडकतात की दुसऱ्या दिवशीही जात नाहीत. मग अर्क, मग प्रिझर्व्हेटिव्ह. शेवटी पीएच मोजून ५.३ ते ५.८ च्या मध्ये आणा. नायसिनामाइड फार आम्लात कालांतराने निकोटिनिक आम्लात मोडते आणि चेहरा लाल होतो, म्हणून ५ च्या खाली उतरू नका. प्रिझर्व्हेटिव्हमध्ये फिनॉक्सिइथेनॉल तयार मालात १ टक्क्याच्या वर जाता कामा नये; ९०:१० च्या मिश्रणाने ते ०.९ टक्के होते.

सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही ‘सौम्य’ जोडी इथे का वापरली नाही? ती ५.५ च्या वर लुळी पडते, खरे काम ५ च्या खाली करते. नायसिनामाइडला ५ च्या वर ठेवायचे, या जोडीला खाली; दोघांची मोट बांधताना कोणीतरी उपाशी राहते. अल्जिनेट किंवा कॅराजीननचे जेल असेल तर खालूनही हद्द येते आणि पीएचची चिंचोळी पट्टीच उरते. शैवालाच्या अर्कात शर्करा, अमिनो आम्ले, खनिजे असल्यामुळे बुरशीला आणि जिवाणूंना मेजवानीच असते. विकायचे असेल तर प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू घालून प्रिझर्व्हेटिव्ह पुरा पडतो का ते पाहणे) केल्याशिवाय एकही बाटली बाहेर देऊ नका.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती जेल अचानक पातळ झाल्याची. कार्बोमर या दाटपणा देणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे छान, टणक जेल बनवलेले असते. त्यात ३ टक्के समुद्री अर्क घातला आणि पाच मिनिटांत सगळे ओघळायला लागले. कारण मीठ. कार्बोमरच्या साखळ्या एकमेकींना ढकलणाऱ्या ऋण भारांमुळे पसरलेल्या असतात. अर्कातले सोडियम, मॅग्नेशियम ते भार झाकतात आणि साखळ्या मिटतात. आणखी कार्बोमर घालून हे सुटत नाही, नुसते चिकट होत जाते. मीठ सोसणारा गम घ्या: झँथन, स्क्लेरोटियम, हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज. किंवा क्षार काढलेला अर्क मागा. पूर्ण बॅच बिघडवण्याआधी १० ग्रॅम जेल वाटीत घेऊन त्यात ०.३ ग्रॅम अर्क मिसळा आणि दहा मिनिटांनी वाटी वाकडी करून पाहा.

दुसरी तक्रार: लावल्यावर खोडरबरासारखे कण निघतात. पापुद्रा करणारा गम जास्त झालेला असतो, किंवा वर लावलेल्या सिलिकोनच्या सनस्क्रीनशी त्याचे जमत नाही. गम ०.१ टक्क्याने कमी करा, वापरणाऱ्याला दोन-तीन मिनिटे वाळू द्यायला सांगा आणि वरचा थर चोळण्याऐवजी थापायला सांगा.

वास येतो तो डायमिथाइल सल्फाइडचा, समुद्रकिनाऱ्याला जो असतो तोच. पीएच ७ कडे गेला की अमाइनांचा माशासारखा वासही जोडीला येतो. म्हणजे पीएच खाली ठेवणे हा सुगंधापेक्षा चांगला इलाज. सीरम हळूहळू तपकिरी होत असेल तर तपकिरी शैवालातल्या फ्लोरोटॅनिनांचे ऑक्सिडीकरण आणि अर्कातून आलेले लोह-तांबे संशयित. ईडीटीए त्यासाठीच आहे. व्हिटॅमिन सी आणि कच्चा शैवाल-अर्क एकाच बाटलीत ठेवू नका, तांब्याचा अंश व्हिटॅमिनला संपवतो.

स्पिरुलिना आणि क्लोरेलाची पूड हा वेगळा विषय, कारण ती लोक सरळ पाण्यात कालवून चेहऱ्याला लावतात. धुवून टाकायच्या लेपाला १ चमचा पूड पुरे. कालवल्यावर लगेच लावा, उरलेले टाकून द्या. फ्रिजमध्येही उद्यासाठी ठेवायचे नाही, प्रथिनयुक्त ओला लगदा एका रात्रीत नासतो. स्पिरुलिनातला निळा फायकोसायनिन ४५–५० अंशांपुढे मोडतो आणि पीएच ४.५ च्या आसपास गोळा होऊन बसतो. लिंबू पिळला की रंग फिकट आणि पोत चरचरीत होतो तो यामुळे. क्लोरेलाचा हिरवा आम्लात शेवाळी-तपकिरी होतो, कारण क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो. ‘निळे-हिरवे शैवाल’ म्हणून तलावातून गोळा केलेली अ‍ॅफॅनिझोमेनॉनची पूड असेल तर मायक्रोसिस्टिन या विषाची तपासणी पाहिल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ तलावातल्या अशा मालासाठी त्या राज्याने १९९७ मध्येच ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली होती.

शेवटी अल्जिनेटचा सोलून काढायचा मास्क, कारण तो बनवायला सोपा आणि बिघडवायलाही सोपा. दंतवैद्य दातांचा साचा घेताना जे वापरतात तेच हे तंत्र. १०० ग्रॅम कोरड्या मिश्रणात सोडियम अल्जिनेट १५, कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट १०, टेट्रासोडियम पायरोफॉस्फेट १.५ आणि उरलेले ७३.५ ग्रॅम सौंदर्यप्रसाधनाच्या प्रतीची डायटमची माती, जी स्वतःच डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची असते. पायरोफॉस्फेट आधी सुटलेले कॅल्शियम पकडते आणि तुम्हाला लावायला वेळ देते. ते संपले की कॅल्शियम अल्जिनेटला मिळते आणि मास्क आवळतो. लवकर आवळत असेल तर पायरोफॉस्फेट ०.२ ग्रॅमने वाढवा, वीस मिनिटांतही ओलाच राहत असेल तर तेवढेच कमी करा. मिसळताना नाकातोंडावर धूळ अडवणारा मास्क बांधा, ही बारीक सिलिका फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

लावताना ३० ग्रॅम पुडीला ९० ग्रॅम पाणी, २० ते २२ अंशांचे. पाणी कोमट घेतले की वाटीतच गोळा होतो. नळाचे जड पाणी घेतले तरी तेच. पाणी एकदम ओता आणि मिनिटभर जोरात घोटा, थोडे थोडे पाणी घालत बसलात तर गुठळ्या राहतात. भुवया, पापण्या, केसांची कड, दाढी यांवर आधी जाडसर क्रीम लावा, नाहीतर केस अडकून निघतात. थर ३ ते ५ मिलिमीटर. पातळ थर कडांनी आधी वाळतो आणि सोलताना तुकडे पडतात. डोळे, नाकपुड्या आणि तोंड मोकळे ठेवा. खाली सीरम लावले तरी चालते, आणि खरा फायदा तोच: पंधरा मिनिटे पाणी उडून न गेल्याने त्वचा चांगली भिजते. पंधरा मिनिटांनी हनुवटीच्या कडेतून उचलून वर सोलत न्या. वाटीत उरलेले बेसिनमध्ये धुऊ नका. ते पाइपात जाऊन तिथेच घट्ट होते. वाटीतच आवळू द्या, वाटी दाबली की अख्खी टिकली सुटते, ती कचऱ्यात टाका. कोरडी पूड हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. दमट हवा लागलेली पूड आधी कुठे घट्ट, कुठे पातळ अशी आवळायला लागते, आणि तसे झाले की ती सुधारत नाही.